एडिटिंगचा पीसी घेताय? आधी फाइल बघा!

लग्न, बारसं, गोव्याची ट्रिप, ऑफिसचं ऑफसाइट... शूटिंग आपण सगळेच करतो. मोबाइल ओसंडून वाहत असतो. मग एखाद्या रविवारी अंगात येतं, की बस्स, आता याची दहा मिनिटांची मस्त फिल्म करायची! लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं जातं, क्लिप टाइमलाइनवर ओढली जाते, प्लेचं बटण दाबलं जातं आणि चित्र उड्या मारत चालतं. आवाज पुढे, माणूस मागे. दोन तास असे गेले की डोक्यात एकच विचार. नवीन पीसी घेऊन टाकू.

घ्या की! पण या खरेदीत दोन-तीन महिन्यांची बचत आरामात उडते. तेव्हा चित्र अडखळतं का, हे आधी कळलेलं बरं. कारण दुकानदार सांगतो ते कारण बऱ्याचदा वेगळंच असतं.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण घ्या. राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीच्या आयटी कंपनीत. तिच्याकडे दोन प्रकारचं फुटेज. एक, लेकीच्या पहिल्या वर्षाच्या मोबाइलवरच्या फोर-के क्लिप्स. दुसरं, बुटांच्या खोक्यात ठेवलेल्या १४ मिनीडीव्ही कॅसेट्स. २००४ पासून तिच्या बाबांनी हँडीकॅमवर शूट केलेल्या. बाबा आता नाहीत. कॅसेट्समध्ये ते दिसत नाहीतच, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. पण मागून 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणणारा आवाज त्यांचा आहे. हा आवाज आणि नात एकाच फिल्ममध्ये आणायची, हा तिचा प्लॅन. बजेट, सगळं धरून एक लाख.

छोटी फाइल, मोठी डोकेदुखी

आता गंमत बघा. मिनीडीव्हीचं एक तासाचं शूटिंग कॉम्प्युटरवर घेतलं की साधारण १३ जीबी होतं. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेम्सचं एक मिनिट 'हाय एफिशियन्सी'त साधारण १७० एमबी घेतं, म्हणजे तासाला दहा जीबीच्या आसपास. मोबाइलची फाइल लहान! पण आपल्याकडच्या पाल कॅसेटची एक फ्रेम ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल्स. फोर-केची ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोब्बर वीसपट. वीसपट चित्र कमी जागेत बसवलंय, तर काहीतरी जबरदस्त कोंबलेलं असणार ना?

हे कोंबण्याचं तंत्र म्हणजे एच.२६५, ऊर्फ एचईव्हीसी. क्रिकेटच्या भाषेत सांगते. कॅसेटमधली डीव्ही फाइल प्रत्येक बॉलला पूर्ण स्कोअर सांगते. १२४ वर ३, १२५ वर ३. एच.२६५ मात्र अधूनमधून एकदाच पूर्ण स्कोअर सांगते आणि मध्ये फक्त 'एक रन, चौका, विकेट' एवढंच. नुसता व्हिडिओ बघायचा तर काही बिघडत नाही, बेरीज चालू राहते. पण एडिटिंगमध्ये आपण सतत मागे-पुढे उड्या मारतो. प्रत्येक उडीला कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण स्कोअरपर्यंत जाऊन बेरीज पुन्हा करावी लागते. म्हणून २००४ च्या पीसीवरही डीव्ही सुरळीत एडिट व्हायचं आणि आजचा बरा लॅपटॉपही मोबाइलच्या क्लिपवर धापा टाकतो.

थोडक्यात, हार्डवेअरच्या आधी फाइल बघा. व्हीएलसीच्या टूल्स मेनूत 'कोडेक इन्फर्मेशन' असतं, किंवा मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. कोडेक कोणता, ८ बिट की १० बिट, ४:२:० की ४:२:२, एवढं एका कागदावर लिहून मगच बाजारात जा.

'एफ'ची भानगड

मैत्रिणीबरोबर मी लॅमिंग्टन रोडला गेले. एका दुकानात आमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच कोटेशन तयार होतं. इंटेलचा आय-५ १४४००एफ, महागडं गेमिंग कार्ड, काचेची कॅबिनेट आणि पाच रंगीत पंखे. रॅम? १६ जीबी. मॉनिटर? 'कोणताही लावा मॅडम.'

त्यातलं ते शेवटचं 'एफ' अक्षर महत्त्वाचं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच्या भागात व्हिडिओ उलगडणारं वेगळं सर्किट असतं, क्विक सिंक. २०११ पासून आहे. वरची सगळी बेरीज हे सर्किट परस्पर करून टाकतं. 'एफ' प्रोसेसरमध्ये हा ग्राफिक्सचा भाग बंद असतो, म्हणून तो थोडा स्वस्त आणि म्हणूनच क्विक सिंकही गायब. गेमरला काही फरक पडत नाही, त्याला वेगळं कार्ड घ्यायचंच असतं. एनव्हीडियाच्या कार्डावरही असं सर्किट असतं आणि मोबाइलचं ४:२:० फुटेज ते मजेत उलगडतं. पण नुसत्या मोबाइलच्या क्लिप्स कापायला-जोडायला महाग कार्ड? बिनएफचा प्रोसेसर घ्या, सहा महिने काम करा, कमी पडलं तर कार्ड मागाहून लावा. फक्त पॉवर सप्लाय आधीच दमदार घ्या.

मिररलेस कॅमेरा असेल तर हिशोब बदलतो. २०२१ मध्ये आलेल्या सोनीच्या ए-७ फोरसारखे कॅमेरे १० बिट ४:२:२ शूट करतात. हे फुटेज एच.२६५ मध्ये असलं, तर एनव्हीडियाची जीफोर्स कार्ड्स ते हार्डवेअरवर उलगडायला लागली ती २०२५ च्या ५० सीरिजपासून. इंटेलमध्ये ही सोय ११ व्या पिढीपासून आहे आणि अॅपलच्या एम सीरिजमध्ये २०२० च्या एम-१ पासूनच. म्हणजे जुनं महाग कार्ड घरी आणूनही क्लिप अडखळू शकते आणि आपण नशिबाला दोष देत बसतो!

डाविंची रिझॉल्व्ह वापरणार असाल, कलर करेक्शन आणि नॉइज रिडक्शनची हौस असेल, तर मात्र कार्ड हवंच. रिझॉल्व्हचा बराचसा भार कार्डावर पडतो. शिवाय त्याच्या फुकट आणि विकतच्या आवृत्तीत कोणत्या फाइल्स हार्डवेअरवर उघडतात यातही फरक आहे. म्हणून माझा आवडता उपाय. स्वतःच्या तीन क्लिप्स पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. डेमो मशीनवर तुमचंच सॉफ्टवेअर टाकायला सांगा, क्लिप्स एकावर एक ठेवा आणि मागे-पुढे सरकवा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतोय का बघा. हलत नसेल आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर ते सर्किट झोपलंय. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

रॅम ३२ जीबी असावी, १६ वर भागतं पण कुरकुर होते. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव एकदम चढले, त्यामुळे इथे बजेटला चिमटा बसतो. तरी रंगीत पंख्यांचे पैसे इकडे वळवाच. डिस्कबद्दल उगाच बाऊ केला जातो. मिनिटाला १७० एमबी म्हणजे सेकंदाला तीन एमबीसुद्धा नाहीत, साधी हार्ड डिस्कही ते पुरवते. सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्टसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्या, पण त्यात सर्वात वेगवान मॉडेलच्या मागे लागू नका. आयफोनच्या प्रोरेसमध्ये शूट करत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे फोर-केचं एक मिनिट ६ जीबी खातं.

मॅकवाले विचारतील, आमचं काय? २०२४ मध्ये एम-४ मॅक मिनी ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी मेमरीसह, आणि मोबाइलच्या फुटेजसाठी तो झक्कास आहे. पण मेमरी नंतर वाढवता येत नाही.

मैत्रिणीचा मॅक रद्द झाला तो वेगळ्याच कारणाने. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर लागतं, आणि अॅपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला. हँडीकॅमला यूएसबी असतं, पण बऱ्याच मॉडेल्समध्ये ते फोटोंपुरतं. मग डेस्कटॉप, त्यात फायरवायरचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड, आणि एका टोकाला ४ पिन, दुसऱ्या टोकाला ६ पिन असलेली केबल. शेवटी तिने बिनएफचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, बरा आयपीएस मॉनिटर आणि बॅकअपसाठी एकसारख्या दोन हार्ड डिस्क घेतल्या. गेमिंग कार्ड नाही. त्यामुळे साधा ६०० व्हीएचा यूपीएसही पुरला. तो जेमतेम ३६० वॅट्सच देतो, मोठं कार्ड असतं तर लाइट गेल्यावर त्यानेही मान टाकली असती.

आणि वर्षाला एकच फिल्म करणार असाल, तर एक रुपयाही खर्चू नका. प्रॉक्सी करा. सॉफ्टवेअर तुमच्या क्लिप्सच्या हलक्या प्रती बनवतं, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबीमध्ये, म्हणजे पुन्हा प्रत्येक बॉलला पूर्ण स्कोअर. रात्री लावून झोपा, सकाळी त्याच जुन्या लॅपटॉपवर एडिट करा. फायनल एक्स्पोर्ट मूळ क्लिप्समधूनच होतो.

कॅसेट्सना मात्र थांबवू नका. एक तासाची कॅसेट कॉपी व्हायला एक तासच लागतो, १४ कॅसेट्स म्हणजे १४ तास आणि सुमारे १८२ जीबी. कॅमेऱ्याचं हेड जुनं होतंय आणि पावसाळी हवेत टेपला बुरशी धरते. काचेच्या खिडकीतून आत पांढरट डाग दिसले तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका. हेडला बुरशी लागली की पुढच्या चांगल्या कॅसेट्सही जातात. मैत्रिणीच्या खोक्यात अशा दोन निघाल्या. त्या तिने वेगळ्या काढून टेप साफ करून ट्रान्सफर करणाऱ्याकडे दिल्यात. बाकीच्या बारांपैकी पाच कॉपी झाल्यात.