आडनाव ऐकल्यावर ‘गेलेली’ खोली

जून लागला की मारेगाव, झरी-जामणीकडची मुलं शिकायला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत येतात. कोळसा खाणींवर कंत्राटी कामाला येणारी माणसं तर बाराही महिने येत असतात. सगळ्यांना आधी खोली हवी असते. गेटवर ‘खोली किरायाने देणे आहे’ अशी पाटी दिसते. खोली पाहून होते, किराया ठरतो, नळ किती वाजता येतो तेही सांगून होतं. मग प्रश्न येतो, ‘आडनाव काय जी तुमचं?’ आडनाव कळल्यावर घरमालक जरा थांबतात. ‘खोली तर कालच गेली, पाटी काढायची राहिली.’ आठ दिवसांनी पाटी तिथंच असते.

‘घर त्याचं, मर्जी त्याची’ असं म्हणत माणूस पुढचं गेट गाठतो. 1917 साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं होतं, आणि जात कळताच बाहेर पडावं लागलं. तेव्हा दाद मागायला कायदा नव्हता. आज आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955. त्याच्या कलम 4 नुसार कोणत्याही वस्तीत राहतं घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणानं आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाची ही रक्कम आज लाजिरवाणी वाटते. पण खरं बळ कलम 12 मध्ये आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य घडल्याचं सिद्ध झालं, की ते अस्पृश्यतेच्या कारणानंच घडलं असं न्यायालय गृहीत धरतं. कारण दुसरं होतं, हे दाखवायची जबाबदारी घरमालकावर. 1990 पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचाही त्यांत समावेश आहे, त्यामुळे हे संरक्षण त्यांनाही मिळतं.

म्हणून घडलेली गोष्ट सिद्ध करता येणं महत्त्वाचं. पाटीचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. खोली पाहायला जाताना कोणाला तरी सोबत न्या. नकारानंतर दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच खोलीची चौकशी करायला सांगा. त्याला ‘या, खोली रिकामी आहे’ असं उत्तर मिळालं, तर तो तुमचा साक्षीदार. मोबाइलमधले मेसेज, रेकॉर्डिंग पुसू नका.

हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ठाण्यात टाळाटाळ झाली तर यवतमाळच्या पोलीस अधीक्षकांना टपालानं अर्ज पाठवा. चारचौघांत जातीवाचक शिवीगाळ झाली असेल, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 लागू होतो. तो कोलाम, गोंड अशा आदिवासींनाही लागू आहे.

धर्मामुळे, मांसाहारामुळे किंवा एकटी बाई म्हणून खोली नाकारली, तर खासगी घरमालकाला थेट शिक्षा करणारा असा कायदा आपल्याकडे नाही. ही मोठी उणीव आहे. एचआयव्हीबाधितांना 2017 च्या आणि तृतीयपंथीयांना 2019 च्या कायद्यानं मात्र घर भाड्यानं घेताना भेदभावापासून संरक्षण दिलं आहे.

खोली मिळाली की कागद सांभाळा. अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरी केला म्हणजे झालं, असा समज सगळीकडे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर घरमालक ते खोटं ठरवत नाही. किराया दिल्याची पावती हा तुमचा हक्क आहे. घर सोडावं म्हणून नळ किंवा वीज तोडली, तर कलम 29 खाली न्यायालय ती पुन्हा जोडायचा आदेश देऊ शकतं.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर आधी वणीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना जातीचा दाखला, करार आणि पावत्या सोबत ठेवा.