यंत्राच्या हातीं वेळापत्रक

जुन्या पेढीवरील मुरलेल्या कारकुनाला ‘शुक्रवारीं डॉक्टरांची वेळ घ्या’ एवढें सांगितलें कीं पुरें. कोणते डॉक्टर, सकाळ कीं संध्याकाळ, हें त्याला वर्षांच्या सहवासानें ठाऊक असतें. आणि शंका आलीच तर तो विचारल्यावांचून राहत नाहीं. आज हेंच काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोंपविलें जाऊं लागलें आहे. मनुष्याच्या वतीनें कामें उरकणाऱ्या अशा यंत्रणेला ‘एजंट’ म्हणतात. हा कारकून मात्र पहिल्याच दिवशीं कामाला लागतो, आणि त्याचा सारा अनुभव म्हणजे त्याला लिहून दिलेलें माहितीपत्रक!

मनुष्य पडद्यावरील चौकटी पाहून, चुकतमाकत शिकतो. एजंटपुढें बहुधा मजकूरच असतो: साधनाचें नांव, तें काय करतें याचें वर्णन, आणि त्याला कोणती माहिती कोणत्या रूपांत द्यावयाची याची यादी. 2024 च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतांतही साधनाची ओळख याच अंगांनीं करून दिली जाते.

पहिली अडचण तारखेची. ‘03/04’ हा आकडा भारतांत 3 एप्रिल होतो, तर अमेरिकेंत 4 मार्च. म्हणून आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस हा 1988 सालच्या ‘आयएसओ 8601’ या प्रमाणाचा क्रम पत्रकांत उदाहरणासह द्यावा: 2026-04-03.

दुसरी अडचण घड्याळाची. ती मुंबईला नवी नाहीं. 1906 सालीं भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईनें पुढें कित्येक वर्षें आपली स्वतंत्र वेळ चालविली. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटें मागें असे. आज भारतांत एकच वेळ आहे, पण मुलें परदेशीं आहेत. समजा, पुण्यांतील वडील दर रविवारीं सायंकाळीं 7 वाजतां न्यूयॉर्कमधील मुलीशीं बोलतात. उन्हाळ्यांत तिच्याकडे तेव्हां सकाळचे 9.30 वाजलेले असतात. नोव्हेंबरांत तेथील घड्याळें एक तास मागें जातात. भेट न्यूयॉर्कच्या वेळेला बांधलेली असेल तर पुण्यांत रात्रीचे 8 वाजतील. पुण्याच्या वेळेला बांधलेली असेल तर मुलीला 8.30 लाच बसावें लागेल. यांपैकीं कोणाचें घड्याळ प्रमाण मानावयाचें, हें पत्रकानें विचारलेंच पाहिजे. केवळ ‘साडेपांच तास पुढें’ असें न लिहितां ‘एशिया/कोलकाता’ किंवा ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असें स्थळनाम मागावें. नाहींतर वडील तासभर रिकाम्या पडद्यापुढें बसून राहतील.

अशा पुनःपुन्हा येणाऱ्या भेटी ‘आयकॅलेंडर’ या 1998 च्या, व 2009 मध्यें सुधारलेल्या, प्रमाणानुसार एका नियमाच्या रूपानें नोंदवितां येतात. त्यामुळें ‘या रविवारची भेट रद्द कर’ म्हटल्यावर एकच रविवार पुसावा कीं सारी मालिका, हा भेद शब्दांत स्पष्ट हवा.

तिसरी गोष्ट पुनरुक्तीची. उत्तर येण्याआधींच संपर्क तुटला, तर एजंट तीच विनंती पुन्हां पाठवितो आणि एका भेटीच्या दोन नोंदी होतात. प्रत्येक विनंतीला खुणेचा क्रमांक द्यावा, व तोच क्रमांक पुन्हां आल्यास नवी नोंद होणार नाहीं, असें साधनानें पाळावें आणि पत्रकानें सांगावें. चुकीचा निरोपही उपयोगी असावा. ‘चूक झाली’ यांत बोध नाहीं. ‘भेटीचा शेवट आरंभापूर्वीं येतो, नंतरची वेळ द्या’ यांत आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न अधिकाराचा. रिकामी वेळ पाहणें निराळें आणि नोंद पुसणें किंवा दुसऱ्यास आमंत्रण धाडणें निराळें. दुसऱ्या वर्गांतील कामांना मालकाची संमति घ्यावी. शिवाय परक्याच्या आमंत्रणांत ‘साऱ्या भेटी रद्द करा’ असा मजकूर लपलेला असूं शकतो. तो माहिती म्हणून वाचावा, आज्ञा म्हणून पाळूं नये, हें पत्रकांत लिहावें. परंतु शब्दांवर विसंबून न राहतां साधनाच्या रचनेंतही त्याला अटकाव असावा.

उत्तम पत्रक एजंटला काय करावें हें तर शिकवितेंच. पण कोठें थांबावें आणि कधीं विचारावें हेंही शिकवितें. जुन्या कारकुनाचा लौकिकही तेवढ्यावरच उभा होता.