पावागडाचं धाकटं भावंड : मॉरिशसचं जंगल आणि काळा किनारा

सुभानपुऱ्यातून निघालं की दीड तासाच्या आत आपण पावागडाच्या पायथ्याशी असतो. तिथला काळा खडक आपल्या पायांच्या चांगलाच ओळखीचा आहे. सुट्टीत मॉरिशसला जायचा बेत करणाऱ्या सभासदांना म्हणूनच एक गंमत सांगावीशी वाटते. त्या बेटाचा खडक आणि आपल्या पावागडाचा खडक, दोन्ही एकाच चुलीवरचे आहेत.

चूल तीच, तवा सरकला

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला, हिंदी महासागरात होता. आज जिथे रियुनियन बेट आहे, त्या परिसरातल्या एका तप्त जागेवरून तो उत्तरेकडे सरकत होता. खालून वर आलेल्या लाव्हाचे थरावर थर साचले. त्यातूनच सह्याद्री, दख्खनचं पठार आणि पावागड घडले, असं भूशास्त्रज्ञ मानतात. भारत पुढे गेला, पण चूल तिथेच पेटती राहिली. तिच्यावरच सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं. शेजारच्या रियुनियनवरचा ज्वालामुखी तर आजही जागा आहे. मॉरिशसचं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं, म्हणजे साधारण पावागडाएवढंच!

उरलेलं जंगल

नैर्ऋत्येच्या डोंगरांत 'ब्लॅक रिव्हर गॉर्जेस' हे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९९४ मध्ये जाहीर झालं आणि त्याचा विस्तार ६५ चौरस किलोमीटरहून अधिक आहे. एके काळी जवळजवळ सगळं बेट जंगलाखाली होतं. डच आले, त्यांनी काळ्या लाकडासाठी एबनीची झाडं तोडली. त्यांच्याच काळात डोडो पक्षी संपला. पुढे उसासाठी रानं साफ झाली. मूळचं जंगल आता थोडंच उरलंय आणि त्यातलं बरंचसं या उद्यानात आहे.

उरलेलंही आपोआप टिकत नाही. बाहेरून आणलेला चिनी पेरू सगळीकडे माजतो, तर माकडं, डुकरं आणि उंदीर पक्ष्यांची अंडी फस्त करतात. म्हणून जंगलाचे काही तुकडे कुंपण घालून, हातांनी तण उपटून राखले जातात. या मेहनतीला फळही आलं. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात अवघा चार उरला होता. गुलाबी कबूतर १९९०च्या सुमारास दहा-बारांवर आलं होतं. आज दोन्ही पक्षी शेकड्यांनी आहेत. नशीब असेल तर पायवाटेवर दिसतातही.

काय पाहावं, कसं पाहावं

मे ते ऑक्टोबर हे कोरडे, थंड महिने चालायला बरे. डिसेंबर ते मार्च वादळांचा धोका असतो. किनाऱ्यावर ऊन असलं तरी वर पाऊस असू शकतो, त्यामुळे रेनकोट आणि घट्ट पकडीचे बूट हवेतच, कारण ओली लाल माती फार घसरते. आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडी थेट दरीच्या दर्शनस्थळाजवळ जाते, तिथून धबधबे दिसतात. तरुणांनी पेत्रँपासून माकाबेच्या वाटेने खाली ब्लॅक रिव्हरला उतरावं. वाट साधारण दहा किलोमीटरची, शेवटचा उतार तीव्र. पेत्रँला केवड्याच्या जातीची झाडं दिसली की कोकण आठवेल. तिथून जवळच गंगा तलाव आहे, तोही ज्वालामुखीच्या मुखातच साचलेला. माकडांना खाऊ मात्र देऊ नका.

दक्षिणेला सुयाकजवळ ग्रिग्रीचा किनारा. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत लाटा अडवते. इथे ती तुटलेली आहे, म्हणून समुद्र सरळ काळ्या कड्यांवर आदळतो. पाहायला सुंदर, पण पाण्यात उतरू नये. कड्याच्या काठावर मुलांचा हात सोडू नये.

आपली माणसं

हे सगळं पाहून झाल्यावर एक दिवस माणसांसाठी राखून ठेवा. पोर्ट लुईसला आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून सुमारे पाच लाख गिरमिटिये तिथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठीही होते. आपले पूर्वज गायकवाडांच्या राज्यात बडोद्याला आले ते बहुधा मानाने, नोकरीच्या आधाराने. ते गेले ते करारावर अंगठा उठवून, ऊस तोडायला. तरी आँरिएता गावात १८९६ मध्ये गणपती बसल्याची नोंद आहे आणि आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते.

घरात आता बहुतेक क्रिओल बोलली जाते. मराठी उरली आहे ती शाळेतल्या तासात, भजनात आणि आरतीत. तीही त्या जंगलासारखीच, तुकड्यातुकड्यांत राखलेली. आपल्या घरी मुलं गुजरातीत भांडतात आणि इंग्रजीत अभ्यास करतात. तेव्हा आपल्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

म्हणून जाताना मुलांना आधी पावागड दाखवून आणा. तिथला एखादा काळा खडक हाताने चाचपू द्या. मग मॉरिशसला पोहोचल्यावर तोच खडक त्यांना स्वतः ओळखू द्या. आणि तिथे कुणी मराठी भेटलं तर मराठीतच बोला. अडखळत बोलले तरी थांबा, वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्या.