काँक्रीट घोटायचे मशीन भाड्याने घेताना



तुळशीचे लग्न झाले की आपल्या जोयडा तालुक्यात बांधकामांना सुरुवात होते. पाऊस उघडलेला असतो, भातकापणी आटोपत आलेली असते. कोणी घराचा कोबा करतो, कोणी अंगण, कोणी गाडी ठेवायची जागा. गेल्या काही वर्षांत मला बरेच जण विचारतात, "काका, ते गुळगुळीत करायचे मशीन भाड्याने घ्यावे का?" मी इंजिनिअर नाही, बँकेत आयुष्य गेले. पण कर्जाच्या निमित्ताने अनेक घरांची कामे जवळून पाहिली आणि स्वतःच्या घरी एक चूकही केली. दोन्ही अनुभव येथे मांडतो.

सुपा धरणामुळे गाव सोडून रामनगरला आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना शेणाने सारवलेली जमीन आठवत असेल. सारवण बिघडले तर चार दिवसांनी पुन्हा सारवता येत असे. काँक्रीटला ती सोय नाही. वीस फूट बाय तीस फूट जागेत चार इंच जाडीचे काँक्रीट म्हणजे 200 घनफूट, दोन ब्रास झाले. एम-20 म्हणजे एकास दीड आणि तीन या प्रमाणात त्याला 45 ते 46 पिशव्या सिमेंट लागते. वाळू, खडी, मजुरी वेगळी. हा सगळा खर्च चांगला की वाया, हे शेवटच्या पाच-सहा तासांच्या घोटाईवर ठरते.

कोणत्या कामाला कोणते साधन

पहिले काम काँक्रीट दाबून बसवण्याचे. त्यासाठी व्हायब्रेटर. चार इंचाच्या जमिनीला पट्टीचा व्हायब्रेटर सोयीचा, सुई जाड कामाला.

दुसरे काम लेव्हलचे. अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी दोघांनी धरून ओढायची. भाड्याने आणलेली पट्टी वाकलेली नाही ना, हे दोरी ताणून बघा.

तिसरे काम लाकडी रंध्याचे. खडी खाली दबते आणि वर मसाला येतो. मोठ्या जागेत लांब दांड्याचा रंधा मिळतो, त्यामुळे ओल्या काँक्रीटवर पाय द्यावा लागत नाही.

त्यानंतर थांबायचे. काँक्रीटमधले जादा पाणी वर येऊन चमकते. ते जाईपर्यंत काहीही घोटायचे नाही. घाईत त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून पाणी टिपणारे गवंडी आहेत, त्यांना तिथेच थांबवा. असा वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो आणि जमीन झाडली की धूळ निघते. चमक गेली, उभे राहिल्यावर बुटाचा ठसा साधारण पाव इंचापेक्षा जास्त उमटत नाही, ही मशीन चालवण्याची वेळ.

मशीनला कोणी पॉवर ट्रॉवेल म्हणतात, कोणी फ्लोटर. आधी तिला गोल तबकडी लावून पृष्ठभाग सपाट करतात. मग पाती लावून घोटतात. पहिल्या फेरीत पाती आडवी, नंतरच्या फेऱ्यांत थोडी थोडी तिरकी. भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यात मशीन जात नाही, तिथे लोखंडी थापीच हवी. म्हणून मशीन आणले तरी चांगला गवंडी लागतोच.

गोदामे आणि कारखाने यांत ट्रिमिक्स पद्धत वापरतात. त्यात काँक्रीटवर चटई अंथरून पंपाने जादा पाणी ओढून घेतात आणि मग घोटतात. घरच्या दोन खोल्यांसाठी हा सगळा संच आणण्यात मला अर्थ दिसत नाही.

भाडे ठरवताना

आपल्याकडे मशीन बहुधा बेळगाव किंवा दांडेलीहून येते. त्यामुळे दिवसाच्या भाड्याइतकीच वाहतूक महत्त्वाची. दोन दुकानांत विचारा आणि पुढील गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या.

दिवस म्हणजे किती तास? सकाळी सातला मिक्सर सुरू केला तर शेवटचे घमेले दुपारी पडते. डिसेंबरच्या गारठ्यात आपल्याकडे काँक्रीट हळू घट्ट होते, घोटाई रात्री आठपर्यंतही जाते. दुकानदाराचा दिवस संध्याकाळी सहाला संपत असेल तर दुसऱ्या दिवसाचे भाडे लागेल. दिव्याची सोयही ठेवा. उलट एप्रिलच्या उन्हात आणि वाऱ्यात काम लवकर आवळते, तेव्हा मशीन सकाळपासून जागेवर हवे.

मशीन पोचण्याची वेळ लिहा. भारतीय मानकाप्रमाणे सिमेंटचा अंतिम सेटिंगचा काळ 600 मिनिटांपेक्षा जास्त असू नये, आणि प्रत्यक्षात घोटता येण्याची वेळ त्याच्या खूप आधी संपते. गाडी अडकली, मशीन उशिरा आले, हे कारण काँक्रीट ऐकत नाही. मशीन दारात आल्याशिवाय सिमेंटची पहिली पिशवी फोडू नये, असा मी नियम केला आहे.

चालवणारा माणूस भाड्यात आहे का, पेट्रोल कोणाचे, मोडतोड झाली तर कोणी भरायचे, अवकाळी पावसाने काम रद्द झाले तर काय, अनामत केव्हा परत मिळणार, हे सगळे आधी विचारा. मशीन ताब्यात घेताना आणि परत करताना मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. काम संपल्याबरोबर पाती धुवा. वाळलेला मसाला राहिला की अनामतीतून पैसे कापले जातात, आणि तिथे आपली बाजू लंगडी असते.

दुकानातच मशीन चालू करून बघा. पाती झिजलेली किंवा वाकलेली नसावीत, भोवतीचे संरक्षक कडे घट्ट असावे आणि हँडल सोडले की पाती फिरायची थांबली पाहिजेत. ती थांबत नसतील तर ते मशीन घेऊ नका. पेट्रोलचे मशीन दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत चालवू नये, धुराने जीव जाऊ शकतो. विजेचे असेल तर अर्थिंग तपासा, कारण माणूस ओल्यात उभा असतो. ओले सिमेंट कातडी भाजते, म्हणून गमबूट आणि हातमोजे हवेतच.

माझी चूक

सात वर्षांपूर्वी आम्ही घरातल्या हॉलची जमीन मशीनने घोटून घेतली. काम उत्तम झाले. मशीन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच होते. मी हिशेबी माणूस. म्हटले, भाडे भरलेच आहे तर अंगणही याच मशीनने करून घेऊ. गवंडी म्हणाला, "साहेब, अंगणाला खराटा मारू या." मी ऐकले नाही. अंगण आरशासारखे झाले, पाहुण्यांनी कौतुक केले.

जुलैत आपला पाऊस सुरू झाला. अंगणावर शेवाळ धरले. आमच्या वहिनी तुळशीला दिवा लावायला गेल्या आणि घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. त्या आता काठी घेऊन चालतात, आणि मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर मी ते अंगण टाकीने टोचून खडबडीत करून घेतले. त्याला जी मजुरी पडली त्यात मशीनचे चार दिवसांचे भाडे निघाले असते. पण तो हिशेब मी आता करत नाही.

म्हणून सांगतो, पाऊस लागणाऱ्या जागेला मशीन आणूच नका. अंगण, पायऱ्या, विहिरीचा कठडा, गोठा या ठिकाणी लाकडी रंधा फिरवावा आणि चमक गेल्यावर खराटा किंवा कडक झाडू एकाच दिशेने ओढावा. रेघा उताराच्या दिशेने असल्या तर पाणीही निघून जाते. दहा फुटांना एक ते दीड इंच उतार ठेवा. याला काही भाडे पडत नाही.

घोटाई झाल्यावर

आय.एस. 456 या मानकात साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा ठेवण्यास सांगितले आहे. दुकानात बहुतेक दुसऱ्या प्रकारचेच सिमेंट मिळते, पिशवीवर पी.पी.सी. लिहिलेले असते. तेव्हा दहा दिवस धरून चाला. वाळूचे छोटे बांध घालून पाणी उभे करा किंवा गोणपाट ओले ठेवा. मशीनवर पैसे खर्चून तिसऱ्या दिवशी पाणी मारणे बंद करणारी घरे मी पाहिली आहेत.

शेवटी एक सूचना. सरळ पट्टी, लाकडी रंधे, थाप्या, गमबूट ही साधने मंडळाने एकदा विकत घेऊन ठेवली तर सर्वांना वापरता येतील. मशीन मात्र भाड्यानेच बरे. एकाच वाडीतल्या दोन घरांनी लागोपाठचे दिवस ठरवले तर वाहतूक निम्म्यावर येते. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती मी सचिवांना केली आहे. ज्यांचे काम या हंगामात आहे त्यांनी बैठकीला अवश्य यावे, आणि येताना आपल्या गवंड्यालाही बरोबर आणावे.