मॅनेजर बदलला म्हणून संघ सुधारला का?

संशोधनाचा विषय शोधताना आपल्यापैकी बरेच जण एकाच साच्यातला प्रश्न घेऊन येतात. अमुक बदल झाला, त्यानंतर तमुक सुधारलं, म्हणजे त्या बदलाचाच परिणाम झाला. मीही तसाच आलो होतो. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता : निकाल खराब लागलेल्या शाळेत मुख्याध्यापक बदलला की पुढच्या वर्षी निकाल सुधारतो. आकडे होते, तक्ते होते, वर चढणारा छान आलेखही होता. सादरीकरण संपल्यावर गाईड मॅडमनी एकच विचारलं, "आणि निकाल तेवढाच खराब असूनही ज्या शाळांनी मुख्याध्यापक बदलला नाही, त्यांचं काय झालं?" मी गप्प. त्या शाळांची माहिती मी गोळाच केली नव्हती. दोन महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

मॅडमच्या प्रश्नाची खरी खोली मला फुटबॉलमुळे कळली. तुम्ही फुटबॉल बघत नसाल तरी हरकत नाही. इथे फक्त बेरीज आणि भागाकार लागणार आहे.

प्रकरण काय आहे?

७ ऑक्टोबर २०२१. इंग्लंडमधला न्यूकॅसल युनायटेड हा क्लब विकला गेला. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने ८० टक्के हिस्सा घेतला. रातोरात हा क्लब जगातल्या सगळ्यात श्रीमंत मालकांच्या हातात गेला, पण गुणतक्त्यात तो तळाशीच होता. मॅनेजर होते स्टीव्ह ब्रूस. १७ ऑक्टोबरला टॉटनहॅमविरुद्ध संघ ३-२ ने हरला. मॅनेजर म्हणून ब्रूस यांचा तो हजारावा सामना. तोपर्यंत हंगामातल्या ८ सामन्यांत ३ गुण, एकही विजय नाही. तीन दिवसांनी, २० ऑक्टोबरला, ब्रूस यांनी क्लब सोडला. मधले ३ सामने हंगामी मॅनेजरने सांभाळले आणि ८ नोव्हेंबरला एडी हाऊ यांची नेमणूक झाली.

पुढची गोष्ट अगदी सिनेमासारखी आहे. पहिले १४ सामने एकही विजय न मिळवता प्रीमियर लीगमध्ये टिकून राहिलेला तो पहिला संघ ठरला. हंगाम संपला तेव्हा ४९ गुण, ११वा क्रमांक.

मग निष्कर्ष सरळ आहे, नाही का? मॅनेजर बदलला, संघ वाचला. थांबा. माझा मुख्याध्यापकांचा आलेख अगदी असाच होता.

पहिला सापळा : सरासरीकडे परतणं

आपण डॉक्टरकडे कधी जातो? ताप सगळ्यात जास्त असतो तेव्हा. म्हणजे गोळी घेतली काय, न घेतली काय, ताप पुढे उतरण्याचीच शक्यता जास्त असते. मॅनेजरही असाच, संघ सगळ्यात वाईट खेळत असताना काढला जातो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांत हेच दाखवलं होतं : टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सहसा सरासरीच्या जवळ सरकतं. त्याला कुणाच्या कर्तृत्वाची गरज नसते.

मग ब्रूस यांची सरासरी किती होती? ते २०१९च्या जुलैमध्ये आले. २०१९-२० मध्ये ४४ गुण, २०२०-२१ मध्ये ४५. म्हणजे ७६ सामन्यांत ८९ गुण, सामन्यामागे साधारण १.१७. आणि या हंगामातल्या ८ सामन्यांत सामन्यामागे ०.३८. आता समजा, ब्रूस राहिले असते आणि उरलेले ३० सामने त्यांच्या जुन्या सरासरीने गेले असते. ३० गुणिले १.१७ म्हणजे ३५. आधीचे ३ मिळवा. झाले ३८.

त्या हंगामात शेवटी काय झालं बघा. १७व्या क्रमांकावर राहून वाचलेल्या लीड्सचे गुण होते ३८. १८व्या क्रमांकावरून खाली गेलेल्या बर्नलीचे ३५. म्हणजे ब्रूस यांना ठेवलं असतं तरी न्यूकॅसल कदाचित वाचलं असतं, अगदी काठावर!

आपण आत्ता जे केलं, त्यालाच संशोधनात प्रतितथ्य म्हणतात. जे घडलं नाही त्याचा अंदाज. परिणाम मोजायचा तर "आधी" आणि "नंतर" यांची तुलना पुरत नाही. "बदलामुळे जे झालं" त्याची तुलना "बदल नसता तर जे झालं असतं" त्याच्याशी करावी लागते. आधी-नंतर तुलनेत हाऊ यांच्या खात्यात सामन्यामागे १.६३ विरुद्ध ०.३८ असा फरक दिसतो. प्रतितथ्याशी तुलना केली तर तोच फरक १.६३ विरुद्ध १.१७ एवढा उरतो. निम्म्याहून जास्त श्रेय नुसत्या सरासरीने परत घेतलं!

दुसरा सापळा : एकाच वेळी दोन बदल

उरलेला फरक तरी हाऊ यांचाच का? त्यांच्या २७ सामन्यांचे दोन तुकडे करू. डिसेंबर संपेपर्यंत ८ सामने, ६ गुण. ब्रूस यांच्या ८ सामन्यांत ३ होते. सुधारणा आहे, पण सिनेमा नाही. त्यानंतरचे १९ सामने, ३८ गुण. म्हणजे सामन्यामागे बरोब्बर २.

मधे काय घडलं? जानेवारीत खेळाडू विकत घेण्याची खिडकी उघडली. किएरन ट्रिपियर, ख्रिस वुड, ब्रुनो गिमाराइश, डॅन बर्न असे खेळाडू आले. पैसा नव्या मालकांचा. म्हणजे मॅनेजरचा परिणाम आणि पैशाचा परिणाम एकमेकांत मिसळले. शिवाय हाऊ यांच्या पहिल्या ८ सामन्यांत आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड हे चौघेही होते, म्हणजे ते ६ गुण दिसतात तेवढे वाईटही नसावेत. आणि एक गोष्ट हाऊ यांच्या बाजूची : २०१९ मध्ये स्ट्रायकर म्हणून घेतलेला जोलिंटन हा जुनाच खेळाडू त्यांच्या हाताखाली मधल्या फळीत गेला आणि त्या हंगामाचा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथे नवा पैसा नव्हता. असे बारीक पुरावे शोधायची सवय लावा, मोठ्या आलेखात ते हरवतात.

मग संशोधक काय करतात?

मॅडमनी सुचवलं तेच. बास टेर वेल यांनी नेदरलँड्सच्या फुटबॉलमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या मॅनेजर-बदलांचा अभ्यास केला. ज्या संघांची घसरण तशीच होती पण ज्यांनी मॅनेजर काढला नाही, असे संघ त्यांनी तुलनेला घेतले. दोन्ही गट सावरले, आणि मॅनेजर काढल्याचा वेगळा फायदा काही दिसला नाही. याला म्हणायचं नियंत्रण गट.

आता तुमच्यातला हुशार विद्यार्थी म्हणेल, मालक बदलल्यामुळे मॅनेजर गेला, म्हणजे कारण बाहेरचं आहे, संघाच्या कामगिरीतलं नाही. मग हा नैसर्गिक प्रयोगच झाला की! कल्पना चांगली आहे. पण नवा मालक येताना फक्त नवा मॅनेजर आणत नाही. पैसा आणतो, खेळाडू आणतो, अपेक्षा आणतो. बाहेरचा धक्का जर दुसऱ्याही वाटेने निकालापर्यंत पोचत असेल, तर तो शुद्ध प्रयोग राहत नाही. मुलाखतीत हा मुद्दा हमखास विचारतात.

पुण्याशी जोडलेलं उलटं उदाहरण

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब घेतला. महिन्याभरातच, १३ डिसेंबरला, मॅनेजर सॅम अलार्डाईस यांना काढलं. संघ तेव्हा १३व्या स्थानावर होता. आदल्या हंगामात त्याच मॅनेजरने ५० गुण आणि १०वा क्रमांक मिळवला होता. म्हणजे सामन्यामागे १.३२. पुढे स्टीव्ह कीन आले. तो हंगाम १५व्या क्रमांकावर संपला आणि २०१२ मध्ये क्लब खालच्या स्तरात गेला.

"बघा, अलार्डाईस यांना काढलं म्हणून क्लब बुडाला" असं म्हणायचा मोह होतो. पण मघाशी न्यूकॅसलला लावलेला नियम इथेही लावा. २०११ मध्ये फिल जोन्स हा महत्त्वाचा खेळाडू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला होता. इथेही एकापेक्षा जास्त गोष्टी बदलल्या. आवडत्या निष्कर्षाला सूट नाही.

मग ठेवायचा की काढायचा?

इथे संशोधकाचा प्रश्न आणि मालकाचा प्रश्न वेगळा होतो. संशोधक विचारतो, परिणाम सिद्ध झाला का? मालकाला सिद्धतेची वाट बघता येत नाही, त्याला २० ऑक्टोबरलाच ठरवायचं असतं.

माझ्या मते न्यूकॅसलचा निर्णय समर्थनीय होता, पण "८ सामन्यांत ३ गुण" या कारणासाठी नाही. तो आकडा फसवा आहे. खरं कारण ७६ सामन्यांचं आहे. चांगल्या दिवसांतल्या सरासरीनेही अंदाज ३८ वर येत होता, आणि ४० गुण झाले की वाचलो, असा तिथला जुना ठोकताळा आहे. काठावर उभा असलेल्याला थोडी अनिश्चितता परवडते. नवा माणूस वाईट निघाला तरी व्हायचं ते तसंही होणारच होतं, आणि चांगला निघाला तर सगळंच वाचतं. ब्लॅकबर्नचं उलट होतं. त्यांची सरासरी काठापासून लांब होती. तिथे अनिश्चिततेतून मिळण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं खूप. हे मी निकाल बघून म्हणत नाही. दोन्ही अंदाज निर्णयाच्या दिवशी उपलब्ध असलेल्या आकड्यांतूनच काढता येत होते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय शेतीचा असो, आरोग्याचा असो की शाळेचा, सादरीकरणाआधी स्वतःला एवढं विचारा :

१. बदल नसता तर काय झालं असतं, याचा माझा अंदाज कशावर उभा आहे?
२. बदल नेमका वाईट काळातच केला गेला होता का? तसं असेल तर आधीची सरासरी किती होती?
३. त्याच वेळी आणखी काय बदललं?
४. स्थिती तेवढीच वाईट, पण बदल केला नाही, असे कोण आहेत? त्यांची माहिती मला मिळेल का?

चौथा प्रश्न सगळ्यात महागडा. मला त्यासाठी न बदललेल्या मुख्याध्यापकांच्या शाळांचे जुने निकाल एकेक करून उतरवून घ्यावे लागले. सगळे आकडे भरून झाल्यावर माझा तो छान आलेख बराच बसका झाला. थोडी सुधारणा उरली, पण सिनॉप्सिसमध्ये लिहिली होती तेवढी नाही. त्या आलेखावर विसंबून कुणी मुख्याध्यापकांच्या बदल्या केल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार अजूनही येतो. बसका आलेख घेऊन पुन्हा मॅडमकडे गेलो. त्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, "आता लिहायला घे."