मिक्सरमागची पाकिटं

लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरमागे न उघडलेली पाकिटं साठली, की आम्हा नवरा-बायकोचं बोलणं कमी व्हायचं. कौन्सिल टॅक्स, क्रेडिट कार्ड, गॅसचं बिल. पुण्याला व्हिडिओ कॉल लागला की मात्र आमचं उत्तर ठरलेलं, ‘सगळं मजेत.’

रविवारचा अर्धा तास

पैशाची ओढाताण झाली की झोप उडते, झोप उडाली की हिशेब नकोसा होतो, मग हप्ता चुकतो आणि दंड बसतो. पैसा आणि मन यांच्या या गुंत्यावर काम करायला पैशांविषयी सल्ला देणारे पत्रकार मार्टिन लुईस यांनी २०१६ मध्ये इथे एक स्वतंत्र संस्थाच काढली. आम्ही आता रविवारी चहानंतर दोघं मिळून पाकिटं उघडतो. काय आलंय आणि कधी भरायचंय, एवढंच बोलायचं. ‘हे कशाला घेतलंस?’ हा प्रश्न त्या अर्ध्या तासात विचारायचा नाही, असं ठरलंय.

हप्ते आणि भिशी

कौन्सिल टॅक्स सहसा एप्रिल ते जानेवारी असा दहा हप्त्यांत जातो. मागितलं तर बारा हप्ते करून मिळतात आणि दर महिन्याचा भार हलका होतो. ते न केल्यास फेब्रुवारी-मार्चचे वाचलेले पैसे लगेच बाजूला टाकावेत. मित्रमंडळींची भिशी मला आवडते, बचतीला शिस्त लागते. पण बँकेतल्या ठेवीला असतं तसं संरक्षण तिला नसतं, म्हणून बुडाले तर झोप उडेल इतके पैसे तिथे घालू नयेत.

कर्ज आवाक्याबाहेर गेलं तर

४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘ब्रीदिंग स्पेस’ ही सोय आहे. तिच्यात ६० दिवस बहुतेक कर्जांवरचं व्याज, दंड आणि वसुली थांबते. कर्ज माफ होत नाही, चालू भाडं आणि बिलंही भरावीच लागतात. मानसिक संकटात उपचार सुरू असतील, तर ते संपेपर्यंत आणि पुढे ३० दिवस ही सवलत राहते. अर्ज कर्ज-सल्लागारामार्फत होतो. स्टेपचेंजसारख्या संस्था हा सल्ला फुकट देतात. मन फारच खचलं असेल, तर एनएचएसच्या समुपदेशनासाठी जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं. यात लाजण्यासारखं काहीही नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

गावाकडे पाठवायचे पैसे

इथल्या मराठी घरांत सर्वांत अवघड बोलणं हेच. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, आईची औषधं, भाचीचं लग्न. तिकडे पौंडाचे शंभराच्या वर रुपये दिसतात, इथलं भाडं मात्र पौंडातच जातं. आम्ही महिन्याचा एक आकडा ठरवला आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो पाठवायला लागलो. जास्त लागणार असतील, तर आधी फोन. त्यासाठी बाबांना पहिल्यांदाच आमचं भाडं सांगितलं. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, हे आधी का नाही सांगितलंस?”