विश्वासार्ह संकेतस्थळांपुरतीच परवानगी : ब्राउझर प्लग-इनच्या सुरक्षिततेचा विचार

ब्राउझरला स्वतःहून न जमणारे काम करण्यासाठी त्याला जोडलेला पूरक प्रोग्रॅम म्हणजे प्लग-इन. फ्लॅश व जावा ही त्याची परिचित उदाहरणे होत. जावाची गरज बहुतेकांना एक-दोन संकेतस्थळांपुरतीच पडे; परंतु ते एकदा बसविले की उघडलेल्या कोणत्याही संकेतस्थळाला त्याचा वापर करता येई. धोक्याचे मूळ या सरसकट मोकळीकीत होते. प्रस्तुत लेखात त्यावरील एका उपायाचे विवेचन केले आहे.

२०१२ मध्ये जावातील त्रुटीचा लाभ घेऊन 'फ्लॅशबॅक' या घातक प्रोग्रॅमने सहा लाखांहून अधिक मॅक संगणकांत शिरकाव केला. वापरकर्त्याने काही डाउनलोड करण्याचीही आवश्यकता नव्हती; बाधित पान उघडणे पुरेसे होते. जानेवारी २०१३ मध्ये नवी त्रुटी उघड होताच अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. सल्ला योग्यच होता. तो पाळणे मात्र सर्वांना शक्य नव्हते. डेन्मार्कमध्ये बँका व शासकीय सेवांसाठी लागणारी 'नेमआयडी' ही ओळखप्रणाली त्या काळी जावावरच चालत असे. तेथील नागरिकाने जावा काढून टाकले, तर बँकेचे दार बंद. ठेवले, तर प्रत्येक अनोळखी संकेतस्थळाला दार उघडे.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे प्लग-इन एरवी बंद ठेवून निवडक संकेतस्थळांनाच परवानगी देणे. फायरफॉक्स व क्रोम या ब्राउझरांत तशी सोय होती. अर्थात परवानगी पत्त्याला मिळते, त्या पत्त्यावरील मजकुराच्या शुद्धतेची हमी मिळत नाही. फ्लॅशबॅकचा प्रसार झाला तो हल्लेखोरांनी ताबा मिळविलेल्या सामान्य ब्लॉगांवरून. म्हणून यादी जितकी लहान तितकी बरी. शिवाय पत्ता 'एचटीटीपीएस'चा असावा, अन्यथा वाटेतच मजकूर बदलणे शक्य असते. वारंवार परवानगी विचारली गेली की माणूस न वाचताच होकार देतो, ही अडचण तर कोणत्याही तंत्राने सुटलेली नाही.

मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने फ्लॅश वगळता जुन्या पद्धतीची सर्व प्लग-इन बंद केली; ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशलाही विराम दिला. प्रश्न मात्र एक्स्टेंशनच्या रूपाने कायम आहे. एखादे एक्स्टेंशन सर्व संकेतस्थळांवर चालावे, ठराविक संकेतस्थळांवर, की केवळ क्लिक केल्यावर, हे क्रोममध्ये २०१८ पासून ठरविता येते. शब्दकोशाच्या एक्स्टेंशनला बँकेचे किंवा गुणनोंदणीचे पान वाचण्याचे काहीच कारण नसते. परंतु बसविताना सर्व संकेतस्थळांची मुभा दिली असेल, तर ते वाचण्याचा अधिकार त्याला मिळालेला असतो.